सिंकखालचा मग

अर्चनाबाई टेंबे यांना गरिबांविषयी अतोनात कळवळा होता. अट एकच, की गरीब पुस्तकात हवेत. पुस्तकातला गरीब कसा सोयीचा असतो. त्याच्यासाठी रडावंसं वाटलं की रडायचं, कंटाळा आला की खूण घालून मिटायचं. तो दारासमोर फुटका सोफा आणून ठेवत नाही, त्याचा कुत्रा आपल्या लॅव्हेंडरवर पाय वर करत नाही, आणि त्याची आई कामावरून येऊन पायरीवरच सिगारेट ओढत बसत नाही. बॅगली कुटुंब हे सगळं करायचं, आणि तेही अर्चनाबाईंच्या भिंतीला भिंत लावून.

लंडनजवळच्या स्लाऊमधली ती गल्ली म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग. पलीकडे पंजाबी, समोर गुजराती, कोपऱ्यावर दोन पोलिश भाऊ, टोकाला एक तमिळ डॉक्टर. पार्किंगवरून आणि कचऱ्याच्या डब्यांवरून या मंडळींचं कधी पटलं नाही. एका बाबतीत मात्र सगळ्या गल्लीचं एकमत होतं, बॅगलींशी बोलायचं नाही. गोऱ्यांनीसुद्धा त्यांना वाळीतच टाकलं होतं. ज्यांना जमलं ते घर विकून जवळच्याच, जरा उच्चभ्रू मेडनहेडकडे सरकले, आणि जाताना बॅगलींना कुणी नवा पत्ता दिला नाही. मागे उरली साठीची जॅनिस, कधी घरी तर कधी तुरुंगात असणारा तिचा मुलगा डॅरेन, त्याच्या दोन पोरी आणि तो कुत्रा. जॅनिस ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात खोकी भरायची. आवाज असा की तिने मागच्या अंगणातून नातीला हाक मारली की अर्चनाबाईंच्या देवघरातली निरांजनं हलायची.

अर्चनाबाईंना खरं तर फसवल्यासारखं झालं होतं. पुण्यातून येताना त्यांच्या डोक्यात जे इंग्लंड होतं, त्यातला इंग्रज गुलाबाची छाटणी करायचा आणि हवेबद्दल बोलायचा. एवढे व्हिसाचे खेटे घातले, एवढं घराचं कर्ज डोक्यावर घेतलं, आणि शेजारी इंग्रज मिळाला तो असा. बहिणीला फोनवर त्या ‘आमच्या शेजारची ब्रिटिश फॅमिली’ असं म्हणत, पण घराचे फोटो पाठवताना सोफा दिसणार नाही अशा बेताने काढत.

आता मगाची गोष्ट सांगायला हवी. अर्चनाबाई आणि त्यांचे यजमान राजेंद्र दोघंही दिवसभर ऑफिसात, त्यामुळे त्यांची पार्सलं जॅनिस घ्यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, दारात पावसात भिजतात म्हणून ती घ्यायची. एकदा ती पार्सल द्यायला आली तेव्हा राजेंद्रनी तिला आत बोलावून चहा दिला. राजेंद्र साधा माणूस, त्यामुळे घरात त्यांचं काही चालत नसे. जॅनिस गेल्यावर अर्चनाबाईंनी तो मग उकळत्या पाण्यात बुडवला, तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी कान तुटलेला एक पांढरा मग त्यांनी शोधून काढला आणि सिंकखालच्या कपाटात, ब्लीचच्या बाटलीशेजारी पालथा ठेवला. पुढे जॅनिस आली की हात आपोआप त्या कपाटाकडे जायचा. राजेंद्रनी एकदा दबकत विचारलं, तर त्या म्हणाल्या की आपण जातपात मानत नाही हे तुला माहीतच आहे, हा हायजीनचा प्रश्न आहे. राजेंद्रनी नेहमीप्रमाणे पेपर उघडला.

हायजीनचा विषय निघालाच आहे, तर मागच्या अंगणातल्या वासाबद्दलही बोललं पाहिजे. तो वास उन्हाळ्यात इतका यायचा की अर्चनाबाईंना तुळशीला पाणी घालताना नाकाला पदर लावावा लागे; पदर नसला तर स्कार्फ. वास बॅगलींच्या अंगणातून यायचा, त्यामुळे तो बॅगलींचा, यात त्यांना शंका नव्हती. जॅनिस चिप्स तळून उरलेलं तेल जुन्या डब्यांत ओतून, थिजू देऊन, कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवायची. ते डबे दिसले की अर्चनाबाई तोंड फिरवत. तेल असं दारात मांडून ठेवायचं म्हणजे काय! त्या स्वतः पुऱ्यांचं उरलेलं तेल, तूप कढवल्यावरची बेरी, आमटीचा तवंग, सगळं स्वच्छपणे सिंकमध्ये ओतत आणि वरून कढत पाणी सोडत. डोळ्यांसमोरून गेलं की गेलं. सासूबाई मोरीत ओतायच्या, आई मोरीत ओतायची, मग सिंक म्हणजे तरी दुसरं काय? गल्लीतल्या घरांची गटाराची नळी एकच आहे आणि तिचं झाकण बॅगलींच्या अंगणात आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही कधी वाटली नाही.

मागे एकदा जॅनिस हातात बादली घेऊन दाराशी आली होती. काहीतरी दाखवायचं होतं तिला. अर्चनाबाईंनी वरच्या खिडकीतून तिला पाहिलं, काहीतरी मागायलाच आली असणार असं गृहीत धरलं, आणि ‘नॉट टुडे, थँक यू’ असं म्हणून खिडकी लावून घेतली. सेल्समनला म्हणतात तसं. जॅनिस बादली घेऊन परत गेली.

मग अर्चनाबाईंनी तक्रार केली. बॅगलींचं घर भाड्याचं, एका हाउसिंग संस्थेचं. तिथला माणूस आला, नाक दाबून अंगणात फिरला आणि जॅनिसला ताकीद देऊन गेला. पुन्हा तक्रार आली तर घर सोडावं लागेल, असं तो स्पष्ट म्हणाला. हे सगळं अर्चनाबाईंनी पडद्याआडून ऐकलं आणि त्यांना कर्तव्य पार पाडल्याचं समाधान झालं.

या वर्षी त्यांना एकच गोष्ट हवी होती, कार्डिफ. कार्डिफला दर वर्षी मराठी साहित्यमेळा भरायचा. ब्रिटनभरातली मराठी माणसं यायची, आणि एका वक्त्याला व्यासपीठावर मानाचं भाषण मिळायचं, शाल मिळायची, फोटो मिळायचा. अर्चनाबाई किती तरी वर्षं टाळ्या वाजवायला जात होत्या. मागच्या वर्षी हा मान ग्लासगोच्या एका गृहस्थाला मिळाला होता. गृहस्थ चारोळ्या करायचे. तेव्हापासून अर्चनाबाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता. आता मेळ्याची सूत्रं मृणालकडे होती. ही कार्डिफच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, तरुण, नेमकं बोलणारी. ती स्लाऊच्या वाचनकट्ट्याला स्वतः येणार होती, आणि त्या महिन्याचा कट्टा अर्चनाबाईंच्या घरी होता. जुळवून आणला होता, असं म्हटलं तरी चालेल.

पुस्तक त्यांनी विचारपूर्वक निवडलं. एक जुनी, नावाजलेली इंग्रजी कादंबरी. गावाबाहेर वीटभट्टीच्या कडेला राहणारं एक कंगाल गोरं कुटुंब, ज्यांना चर्चमध्ये कुणी शेजारी बसू देत नाही आणि ज्यांच्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही. अर्चनाबाई ते वाचून दोनदा रडल्या आणि रडल्याचं त्यांनी ग्रुपवर कळवलं. शिवाय सिंधुबाई खरातांना मुद्दाम बोलावलं. सिंधुबाई जालन्याच्या, निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहायला आलेल्या. मुलगा प्रबुद्ध एका फायनान्स कंपनीत होता आणि आंबेडकर जयंतीला उत्तम बोलायचा. ‘त्यांच्यातला असून किती आर्टिक्युलेट आहे,’ असं अर्चनाबाई त्याच्याबद्दल कौतुकाने म्हणत. सिंधुबाई आल्या की कट्टा कसा सर्वसमावेशक दिसेल, आणि मृणालला तसलं आवडतं, हा हिशेब त्यांनी मनाशी केला होता.

रविवारी सकाळपासून घरात तळण चाललं होतं. कोथिंबीरवड्या, भजी, पुऱ्या. उरलेलं तेल सवयीने सिंकमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. पाणी हलेना. अर्चनाबाईंनी कढत पाणी ओतलं, सोडा टाकला, लाकडी डावाने ढोसून पाहिलं. सिंक काठोकाठ भरून बसलं. राजेंद्रनी पाण्याच्या कंपनीला फोन केला, तर उद्या बघू म्हणाले. तेवढ्यात दाराची बेल वाजली. अर्चनाबाईंनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, उदबत्ती लावली आणि हसऱ्या चेहऱ्याने पाहुण्यांना सामोऱ्या गेल्या.

कट्टा रंगला, हे कबूल करायला हवं. अर्चनाबाईंची तयारी चोख होती. त्या म्हणाल्या की या लेखकाचं मोठेपण हे की तो गरिबी दाखवत नाही, तिचा वास देतो. भट्टीच्या घरातला तो कुजका, तेलकट, कोंडलेला वास आपल्याला पानापानांतून येतो आणि आपण अस्वस्थ होतो. मृणालने मान डोलावली. आणि नेमका त्याच वेळी वास आला. आधी कुणीतरी नाक चोळलं, मग कुणीतरी खिडकीकडे पाहिलं. भजी खाणाऱ्या सिंधुबाईंचा हात थांबला.

अर्चनाबाई डगमगल्या नाहीत. हसून म्हणाल्या, “शेजारचं आहे हे. कौन्सिलच्या स्वस्त घरांत असतात तशी फॅमिली. आपल्या कादंबरीतलं कुटुंबच समजा. फक्त लाइव्ह.”

लोक हसले. मृणालही थोडं हसली. अर्चनाबाईंना कार्डिफचं व्यासपीठ अगदी समोर दिसू लागलं, आणि दाराच्या फटीतून पिवळसर पाण्याचा ओघळ हॉलमधल्या गालिच्याकडे येताना दिसला.

राजेंद्र उठले. बायकोने डोळे वटारले तरी ते थांबले नाहीत, मागच्या दाराने सरळ जॅनिसकडे गेले. काही मिनिटांत जॅनिस आली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, तोंडात विझलेली सिगारेट, हातात गटार ढोसायच्या, एकमेकींना जोडायच्या लांब काठ्या. तिने कुणाला हॅलो म्हटलं नाही. सिंक पाहिलं, जोरात हसली, आणि कुंपणाची सुटी फळी बाजूला सारून सगळ्यांना आपल्या अंगणात बोलावलं, तमाशा बघायला बोलावतात तसं. नको म्हणायला अर्चनाबाई पुढे झाल्या, पण तोवर मृणाल तिच्या मागोमाग निघाली होती, आणि मग बाकीचेही निघाले.

जॅनिसने लोखंडी झाकण उचललं. काठी आत घालून ढोसली, पिळली, ओढली. आधी वास आला, मग एक ढेकूळ वर आलं. उशीएवढं, मऊ, हळदीसारखं पिवळंधमक. हळदीसारखं कशाला, हळदीनेच. त्यात मोहरी होती, मुगाची डाळ होती, आणि जागोजाग कढीपत्त्याची पानं चिकटली होती. ते तिने फावड्याने काढून गवतावर ठेवलं. आत अजून होतं, तेही काढलं. शेवटी पाणी गुडगुड करत निघून गेलं.

जॅनिसचं म्हणणं थोडक्यात असं होतं. हे असंच निघायचं, किती तरी वर्षं, महिन्यातून एकदा तरी. ती काढायची, कारण नाही काढलं तर तिच्याच अंगणात तुंबायचं. दाखवायला एकदा बादलीतून नेलंही होतं, पण बाईंना वेळ नव्हता. मग कुणीतरी तिची तक्रार केली आणि तिला ताकीद मिळाली. ते ऐकून डॅरेन म्हणाला की आता गटाराला हात लावायचा नाही, वर चढू दे. म्हणून ते वर चढलं.

“घर गेलं तर या पोरींना घेऊन मी कुठे जाऊ?” ती इंग्रजीत म्हणाली, आणि फावडं अर्चनाबाईंच्या दिशेने रोखलं. “तुमच्या पिवळ्या घाणीपायी?”

अर्चनाबाईंची जीभ टाळ्याला चिकटली नाही, हे त्यांचं दुर्दैव. त्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की ही माणसं रोज टेकअवेची करी खातात, त्यातलंच असेल हे. कुणी हसलं नाही. सिंधुबाई वाकल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि ढेकळाकडे नीट पाहिलं.

“टेकअवेत कढीपत्ता नसतो,” त्या म्हणाल्या. “आणि तुपाची बेरीही नसते.”

सगळे आत आले. राजेंद्रनी जॅनिसला हात धुवायला साबण दिला आणि चहा घेऊन जा म्हणाले. अर्चनाबाईंना हायसं वाटलं. चहा म्हणजे सावरायची संधी. आलं घातलेला चहा त्यांनी सोनेरी काठाच्या कपांत ओतला, मृणालला, सिंधुबाईंना, सगळ्यांना. आता जॅनिसशी गोड बोलायचं, प्रकरण हसण्यावारी न्यायचं, असं त्यांच्या मनात चाललं होतं. मन तिकडे होतं, आणि हात सवयीने खाली गेला. सिंकखालचं कपाट उघडलं, ब्लीचच्या बाटलीशेजारून कान तुटलेला मग बाहेर आला, आणि त्यात चहा ओतला गेला. सगळ्यांच्या देखत.

मृणाल पाहत होती. सिंधुबाईंनी मात्र आपला सोनेरी काठाचा कप जॅनिसच्या हातात दिला आणि ओट्यावरचा तो मग स्वतः उचलला.

“काकू, तो तुमचा नाही,” अर्चनाबाई घाईने म्हणाल्या. “तो त्यांचा आहे.”

“माझ्या आईचाही असाच होता, ताई,” सिंधुबाई म्हणाल्या. “वाड्यावर कामाला जायची ना, तिथल्या गोठ्यात. खुंटीला लावलेला. तुम्ही सिंकखाली ठेवता, एवढंच.”

त्यांनी चहा शांतपणे, भुरके मारत संपवला. जॅनिसला यातलं काही कळलं नव्हतं. तिने विचारलं, तेव्हा सिंधुबाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, गुड कप फॉर गुड नेबर. जॅनिस म्हणाली चहा फार तिखट आहे, पण चालेल. मग सिंधुबाईंनी मग विसळला, पदराला पुसला आणि हा मी नेते म्हणून पिशवीत टाकला. अर्चनाबाईंनी नवा देते म्हटलं, तर नको म्हणाल्या. दारात त्यांनी एवढंच बजावलं की ती तक्रार आधी मागे घ्या.

तक्रार अर्चनाबाईंनी मागे घेतली नाही. त्यांचं डोकं दुखत होतं. ती राजेंद्रनी मागे घेतली, सोमवारी ऑफिसातून फोन करून, घाण आमचीच होती असं स्पष्ट सांगून, बायकोला न विचारता. तीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी असं प्रथमच केलं असावं. बॅगलींचं घर वाचलं. सोफा तिथेच राहिला, कुत्राही.

कार्डिफचं निमंत्रण आलं नाही. मृणालने निघताना ‘आम्ही कळवतो’ म्हटलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर मेळ्याचं पोस्टर आलं. मानाचं भाषण सिंधुबाई खरात यांचं. अर्चनाबाई राजेंद्रना म्हणाल्या की इथेही कोटा आलाच, मग आपल्यासारख्यांनी वाचायचं तरी कशाला. त्या मेळ्याला गेल्या नाहीत. घरी बसून यूट्यूबवर मात्र सगळं भाषण पाहिलं. सिंधुबाई त्याच कादंबरीवर बोलल्या. भट्टीवरच्या कुटुंबाला गावाने दूर ठेवलं, पण त्यांच्याच विटांनी घरं बांधली, एवढं साधं त्या बोलल्या. कुणाचं नाव घेतलं नाही, स्लाऊचा उल्लेखही केला नाही. फक्त व्यासपीठावरच्या टेबलावर त्यांच्यासमोर कान तुटलेला पांढरा मग होता, आणि अधूनमधून त्या त्यातून पाणी पीत होत्या. कट्ट्यावरची सगळी माणसं सभागृहात बसली होती. त्यांना तो ओळखायला वेळ लागला नसणार.

अर्चनाबाईंनी लॅपटॉप बंद केला. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी उठल्या त्या ठाम निश्चय करूनच, आणि दुपारी विंडसरच्या एका नामांकित दुकानातून खोकं घेऊन आल्या. आत हाताने रंगवलेला, जांभळ्या फुलांचा, चांगला महागाचा मग होता. राजेंद्रनी तो हातात घेऊन पाहिला आणि खरंच सुंदर आहे म्हणाले. चूक सुधारता आली पाहिजे माणसाला, असं अर्चनाबाई म्हणाल्या. जॅनिससाठी मुद्दाम निवडला होता त्यांनी. राजेंद्रना इतका आनंद झाला की त्यांनी सोनेरी काठाच्या कपांशेजारी त्याला जागा करायला घेतली.

“तिथे कशाला?” अर्चनाबाई म्हणाल्या. त्यांनी तो मग नवऱ्याच्या हातातून काढून घेतला, सिंकखालचं कपाट उघडलं आणि ब्लीचच्या बाटलीशेजारी, रिकाम्या झालेल्या जागी नीट पालथा ठेवला.